शटडाऊनची सुट्टी आणि मुळेमामींचा समुद्र

आमच्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये मागच्या भिंतीला एक रॅक आहे. कुठल्याच मशीनला न बसणारे, पण फेकून द्यायचीही कुणाची छाती होत नाही असे सगळे सुटे भाग तिथे जाऊन पडतात. डिसेंबरचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. कामाचे नाहीत, पण टाकवतही नाहीत. आज जरा रॅक झटकतो.

आधी चाकणातला डिसेंबर समजून घ्या. आम्ही ज्या मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो, ती नाताळपासून नव्या वर्षापर्यंत बंद असते. ती बंद, म्हणून आम्ही बंद. याला शटडाऊन म्हणायचं. ऑपरेटर गावाला जातात, ऑफिसवाले महाबळेश्वरला आणि मोठे साहेब गोव्याला. मागे राहतं मेंटेनन्स. कारण वर्षभर ज्या मशीनला हात लावायची सोय नसते, ती आठ दिवस आयती मोकळी सापडते. आणि मेंटेनन्सला नटबोल्ट, ग्रीस, पट्टे लागणार, म्हणून स्टोअर्सवाला मी. थोडक्यात, सुट्टी मशीनला असते, माणसाला नसते!

हे न समजल्यामुळे एक माणूस बारा वर्षं अडकला. तो म्हणजे आमचे मुळेमामा.

* * *

मुळेमामा मेंटेनन्सचे सीनियर फिटर. मूळचे धाराशिवकडचे, राहायला दापोडीला. मुळेमामींनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. कंपनीत लागले त्या वर्षी कुणीतरी मामांना सांगितलं की डिसेंबरात आठ दिवस कंपनी बंद असते. मामांनी घरी जाऊन त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "डिसेंबरात समुद्र दाखवतो."

तेव्हापासून दर डिसेंबरला मामी माळ्यावरची बॅग खाली काढायच्या, भरायच्या, आणि मामांची रजा नामंजूर झाली की रिकामी करून परत वर ठेवायच्या. अशी अकरा वर्षं झाली. दापोडीच्या त्या चाळीत डिसेंबर आला हे थंडीवरून नाही, मामींच्या बॅगेवरून कळायचं!

एका वर्षी मामांना फारच अपराधी वाटलं. रविवारी अर्धा दिवस सुट्टी मिळाली, तर ते मामींना बसने आळंदीला घेऊन गेले. दर्शन झालं, मग घाटावर बसले. इंद्रायणीवर त्या दिवशी पांढरा फेस होता. कारखान्यांच्या कृपेने असतोच. मामा त्या फेसाकडे बोट दाखवून म्हणाले, समुद्र काय वेगळा असतो, असंच पाणी आणि असाच फेस.

मामींनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, "समुद्राला असाच वास येतो का ओ?"

त्यानंतर मामांनी पर्यायी पाणी दाखवायचा प्रयत्न केला नाही.

* * *

आता गेल्या डिसेंबरचं ऐका.

आमच्या गेटवर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आहे. पहिली शिफ्ट सकाळी सातची. चाकणच्या उघड्या माळावर त्या वेळी जी थंडी असते ती शहरात राहणाऱ्याला सांगून कळायची नाही. सगळे माकडटोपीत. यंत्राला माकडटोपी चालत नाही. त्यामुळे रोज सकाळी दीडशे माणसं रांगेत उभी राहून एकेक करून टोपी काढतात, कुडकुडत यंत्रापुढे हसतात आणि टोपी परत घालतात.

मुळेमामांचं उलटं. ते टोपी काढून उभे राहिले की यंत्र म्हणायचं, ओळख पटली नाही. टोपी घातली की लगेच हिरवा दिवा. शोध घेतल्यावर कळलं की यंत्र बसवलं त्या दिवशी असाच कडाका होता आणि फोटो काढणाऱ्याने मामांचा फोटो टोपीसकट घेतला होता. बदलून द्या म्हणून मामांनी तीन अर्ज केले. उत्तर आलं की त्यासाठी आधी यंत्राला टोपीशिवाय ओळख पटलेली असणं आवश्यक आहे.

म्हणून हा माणूस मे महिन्यातसुद्धा डब्याच्या पिशवीत माकडटोपी घेऊन येतो. बेचाळीस अंशांत गेटवर टोपी घालतो, हजेरी लावतो आणि आत येतो. नवीन आलेल्या ट्रेनींना वाटतं, मामांना नवस असेल.

* * *

आमचे किसनभाऊ चाकणजवळच्याच गावचे. जमीन होती, तिच्यातल्या बऱ्याचशा भागावर आता कारखाने उभे आहेत. भाऊ आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतात आणि संध्याकाळी साहेबांच्या गाडीपेक्षा मोठ्या गाडीतून घरी जातात. गेटवरचा वॉचमन नवीन होता तेव्हा आठवडाभर भाऊंनाच मालक समजून सलाम ठोकत होता. भाऊंनीही त्याचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

डिसेंबरच्या मध्यावर बोरकरसाहेबांनी हुरडा पार्टी ठरवली. बोरकरसाहेब म्हणजे प्लांटचे हेड. जागा निवडली एक कृषी पर्यटन केंद्र. कुटुंबासह यायचं, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा आणि बैलगाडीत बसून फोटो काढायचे. किसनभाऊ गेटवर पोचले आणि तिथेच थबकले. ती जमीन त्यांचीच होती! म्हणजे आठ वर्षांपूर्वीपर्यंत. स्वतःच्या शेतात शिरायला माणसाने हात पुढे करून पट्टा बांधून घेतला.

केंद्राचा मॅनेजर फेटा बांधून सगळ्यांना फिरवत होता. एका विहिरीपाशी थांबला आणि म्हणाला की ही दोनशे वर्षं जुनी ऐतिहासिक विहीर आहे, इथे घोड्यांना पाणी पाजत. सगळे मोबाइल काढून सरसावले.

किसनभाऊंनी घसा खाकरला. "ही इहीर माझ्या बापानं खणली. माती उपसायला मी होतो. आन् मी काय दोनशे वर्सांचा न्हाई."

मॅनेजर पुढच्या विहिरीकडे वळला नाही. सरळ जेवणाकडे वळला.

त्याच दुपारी मुळेमामांनी हिंमत केली. मामी शेजारीच होत्या. हातातला गरम हुरडा चोळत मामांनी साहेबांना विचारलं की यंदा शटडाऊनला सहा दिवस रजा मिळेल का. साहेब फार प्रेमाने म्हणाले की मुळे, आज ऑफिसचं काही बोलायचं नाही, आज फॅमिली टाइम.

 मामींनी फक्त साहेबांच्या हुरड्यावर लसणाची चटणी जरा सढळ हाताने वाढली. साहेब दीड तांब्या पाणी प्यायले.

* * *

एचआरला नेहामॅडम नवीन आल्या होत्या. त्यांनी सीक्रेट सँटा आणला. चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. शिवाय प्रत्येकाने आपल्याला काय हवं ते कागदावर लिहून बोर्डावर लावायचं. गुप्तता अशी की चहाच्या सुट्टीपर्यंत कोणाच्या चिठ्ठीत कोण, हे कँटीनच्या आचाऱ्यालासुद्धा पाठ झालं होतं.

दिवाळीत कंपनीने सगळ्यांना चहाचा थर्मास दिला होता. सीक्रेट सँटाच्या दिवशी बावीस भेटी उघडल्या, त्यात नऊ थर्मास निघाले! तेच थर्मास, त्याच खोक्यात. एकावरचं कार्ड काढायचं राहिलं होतं. 'एचआर विभागातर्फे दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' तो थर्मास नेमका नेहामॅडमनाच मिळाला.

मॅडम कार्डाकडे बघून म्हणाल्या, "निदान खोका तरी उघडायचा होता हो कुणीतरी." आम्ही सगळे छताकडे बघत होतो.

मुळेमामांनी कागदावर लिहिलं होतं, 'दिनांक २६ ते ३१ डिसेंबर रजा मिळावी, ही विनंती.' खाली सही आणि टोकन नंबर. अर्ज लिहायची सवय, दुसरं काय! योगायोग बघा, मामांची चिठ्ठी बोरकरसाहेबांना निघाली. आख्ख्या मेंटेनन्सने श्वास रोखला. मामांनी कागद हळूच फाडून भेट उघडली.

आत पुढच्या वर्षाचं कॅलेंडर होतं. बारा महिन्यांची बारा निसर्गचित्रं. डिसेंबरच्या पानावर समुद्र होता.

मला त्या दिवशी खरोखर राग आला. मामांना आला नाही. ते म्हणाले, चित्र चांगलं आहे, घरी लावतो. घरी लावलं की मामी काय म्हणतील याचा अंदाज असूनही म्हणाले.

* * *

चोवीस तारखेला शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, सँटाक्लॉज फिरवायचा हीसुद्धा नेहामॅडमचीच कल्पना. पोट बघून किसनभाऊंची निवड झाली. भाऊ तयारही झाले. "लाल कापडं घालून चाकलेटं वाटायची, येवढंच ना? आमच्या सरपंचानं इलेक्शनला याच्यापेक्षा जास्त वाटलंय."

पण शॉपच्या दारात सेफ्टी ऑफिसर उभे. त्यांनी नियम सांगितला. आत यायचं तर लाल टोपी चालणार नाही, हेल्मेट हवं. सेफ्टी शूज हवेत, गॉगल हवा आणि वर चमकणारं जॅकेट हवं. दाढीवर फार चर्चा झाली. फिरत्या मशीनजवळ लोंबणारी वस्तू नियमात बसत नाही, सबब दाढी काढावी. घंटीचाही आवाज अलार्मशी गोंधळ करेल म्हणून नको होती, पण मॅडमनी हट्टाने तेवढी मंजूर करून घेतली.

आता डोळ्यांपुढे आणा. लाल कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, अंगात चमकणारं जॅकेट, हातात घंटी, असा एक दांडगा माणूस शॉपमध्ये घाईघाईने शिरतो आणि घंटा बडवतो. लोकांनी काय समजावं? पहिल्या लाइनवरच्यांनी मशीन बंद केली आणि दाराकडे निघाले. त्यांना बघून दुसरी लाइन निघाली. भाऊ 'आरं थांबा, चाकलेटं घ्या' म्हणत मागे धावले, तसे लोक आणखी जोरात पळाले. चार मिनिटांत अख्खा प्लांट मैदानावरच्या असेंब्ली पॉइंटला रांगेत उभा होता आणि हजेरी सुरू झाली होती!

नेहामॅडम रडायच्या बेतात होत्या. सेफ्टी ऑफिसरांनी घड्याळ पाहिलं, वही काढली आणि लिहिलं, 'अचानक घेतलेली आगीची रंगीत तालीम. अत्यंत यशस्वी.'

आजपर्यंतची ती आमची सगळ्यात चांगली वेळ आहे. नोटीस बोर्डावर अजून लावलेली आहे.

* * *

त्या दिवशी संध्याकाळी मी मुळेमामांना स्टोअर्समध्ये बोलावलं.

बोरकरसाहेबांची एक पद्धत मला ठाऊक होती. गेट पास, ओव्हरटाइम, भंगार बाहेर काढायची परवानगी, रजा, सगळे अर्ज त्यांच्या मोबाइलवर एकाच यादीत येतात. साहेब त्यातला एकही वाचत नाहीत. दोन दिवसांतून एकदा गाडीत बसल्यावर सगळ्यांवर एकदम खूण करतात आणि मंजूर करून टाकतात. नामंजूर होतात ते फक्त तोंडी विचारलेले अर्ज! याचा पुरावा माझ्याकडे आहे. मागे मी पाच झाडू मागवताना चुकून पाचशे लिहिले होते. मंजूर झाले. स्टोअर्सची एक अख्खी खोली आजही झाडूंनी भरलेली आहे.

मामांची चूक एवढीच की बारा वर्षं ते साहेबांसमोर उभं राहून विचारत आले. माणसाने विचारावं, असं त्यांना वाटायचं.

मी म्हटलं, साहेब सात वाजता एअरपोर्टला निघतील. सव्वासातला अर्ज टाका, तीसेक अर्जांच्या मधोमध जाऊन बसेल. मामा बराच वेळ ग्रीसचे हात पुसत राहिले. त्यांनी विचारलं, "ही फसवणूक तर नाही ना होणार?" मी म्हटलं, अर्ज करणं फसवणूक कशी? आणि त्यांचं काम तरी कुठे राहिलं होतं? दोन महिने रविवारी येऊन त्यांनी मोठ्या प्रेसचं तेल बदललेलं, पॅनल साफ केलेली, कॉम्प्रेसर उघडून परत बसवलेला. शटडाऊनचं निम्मं काम या माणसाने शटडाऊनच्या आधीच उरकलं होतं, ते याच आशेवर.

सव्वासातला अर्ज गेला. आठ वाजून दहा मिनिटांनी मामांचा मोबाइल वाजला. मंजूर. मामांनी तीनदा वाचलं, मग मला त्याची प्रिंट काढायला लावली, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवली.

घरी मामी बॅग रिकामी करायला बसल्या होत्या म्हणे. मामांनी खिशातला कागद काढून दिला. मामींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, यावर साहेबांची सही कुठे आहे? बारा वर्षांनी माणूस इतका सावध होतो.

* * *

सव्वीसला पहाटे किसनभाऊंनी आपली गाडी काढली. दारात उभी राहून बॅटरी उतरते, असं कारण सांगितलं. ताम्हिणीतून दोघांना दिवेआगरला घेऊन गेले. इकडे प्लांटमध्ये मी आणि कंत्राटी दोन फिटर.

शटडाऊनला बोरकरसाहेबांचा ग्रुपवर रोज एक फोटो येतो. समोर समुद्र, अलीकडे साहेबांचे दोन पाय, आणि खाली मजकूर की टीमचा अभिमान वाटतो. गेल्या अकरा वर्षांत आम्ही गोव्याचा समुद्र साहेबांच्या पायांमधूनच पाहिला. अठ्ठावीसला दुपारी तसाच फोटो आला आणि पाच मिनिटांनी आमचा कॉम्प्रेसर बंद पडला.

बिघाड साधा होता. एक फ्यूज गेला होता, पण ते कळलं संध्याकाळी. दुपारी आमची तंतरली होती. नियमाप्रमाणे मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, घाबरू नको, मुळ्यांना कॉन्फरन्सवर घे. मुळे रजेवर आहेत, हे मी सांगायला हवं होतं.  त्याऐवजी मी मामांना जोडून घेतलं.

मामांनी फोन उचलला आणि मागे प्रचंड घरघर ऐकू आली. साहेबांच्या बाजूनेही तशीच घरघर. दोन्हीकडे समुद्र, आणि मध्ये मी बंद कॉम्प्रेसरपाशी!

साहेब खूश झाले. "अरे, चालू तर आहे! मला आवाज येतोय ना! मुळे, जरा जवळ जाऊन ऐकवा."

 मामांना खोटं बोलता येत नाही. साहेबांनी दोनदा हाका मारल्या, मग आवाज चढला. मुळे, तुम्ही आहात कुठे नक्की?

पुढचं थोडं मी फोनवर ऐकलं आणि बाकीचं किसनभाऊंनी सांगितलं. दोन दिवस मामी एकट्याच गुडघाभर पाण्यात जात होत्या. मामा काठावर बसून. साहेबांचा फोन आला तर, म्हणून मोबाइल हातात धरून. मामींनी बोलावलं की म्हणायचे, येतो, उद्या येतो. फोन आला तेव्हाही ते कोरड्या वाळूवर उभे होते, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. मामी पाण्यातून बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"साहेब, मी मुळ्यांच्या घरची बोलायले. हे समुद्रात गेलेत."

 मला नुसती घरघर ऐकू येत होती. मग साहेबांनी विचारलं, बरं, बाहेर कधी येतील?

"बारा सालाचं ऱ्हायलंय साहेब," मामी म्हणाल्या. "टाईम लागंल."

फोन बंद झाला. मामींनी तो बॅगेत टाकला, चेन लावली आणि शेजारी उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं. मामा बुटांसकट पाण्यात चालत गेले.